मूळ पुस्तकात नसलेलं

"दमलास का रे? वाच की पुढं," उशीवरून गुनवोर म्हणाली.

बाल्टिक समुद्रातल्या त्या बेटावर उन्हाळ्यात संध्याकाळ मावळतच नाही. तोर्स्तेन रशियन कादंबऱ्या स्वीडिशमध्ये आणायचा आणि दिवसाचं काम संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायचा. तरुणपणी स्वतःचं एकुलतं एक पुस्तक आपटलं, तेव्हापासून त्यानं पदरचं अक्षर लिहिलं नव्हतं.

अंथरुणाला खिळलेली गुनवोर म्हणाली होती, "ही कादंबरी संपेपर्यंत मी कुठं जात नाही." काल शेवटचं पान वाचून झालं, पण ते शेवटचं आहे, हे तोर्स्तेननं सांगितलंच नाही.

आज कोरे कागद हातात धरून त्यानं भीतभीत नायिकेला होडीत बसवलं, धुक्यातून नेऊन अनोळखी बंदरात उतरवलं. तिथं सफरचंदाची झाडं फुलली होती, कुणीतरी तिच्यासाठी कॉफी करून ठेवली होती.

गुनवोर मिटल्या डोळ्यांनी हसली. "हे त्या रशियन लेखकाचं नव्हे. तो कुणाला कॉफी विचारत नाही!"

तोर्स्तेनचे कान लाल झाले. "इतकं वाईट झालंय?"

"पिऊ दे तिला निवांत," ती म्हणाली. "आणि घाई करू नकोस हं. तिला अजून पुष्कळ हिंडायचंय."