तीन पूर्ण दिवस

"तीन मिनिटं, विनीबाई," अध्यक्ष रोलंड पर्किस म्हणाला आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्याने टेबलावर ठेवलं.

लिटल हॅथर्नच्या पंचायतीत गावकऱ्याला बोलायला तेवढाच वेळ मिळतो. गावकऱ्यांसाठी सहा खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या पाच रिकाम्या. गावाला पत्ताच नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या विनिफ्रेड टॅपस्कॉट उठून उभ्या राहिल्या. गावाच्या भाजीच्या वाफ्यांच्या जागी गाड्यांचा तळ करायचा ठराव आज व्हायचा होता. त्यातला एक वाफा चाळीस वर्षं त्या कसत होत्या. तो गेला तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्यांना माहीत नव्हतं.

"एकच विचारायचंय. सभेची नोटीस फळ्यावर कधी लागली?"

"शुक्रवारी. आणि आज मंगळवार. नियमानं मधले तीन दिवस पूर्ण हवेत. शनिवार, रविवार, सोमवार. घ्या बोटांवर मोजून!"

"मोजले रे. रविवारी देवानंसुद्धा सुट्टी घेतली होती. तू मात्र त्या रविवारालाच कामाला जुंपलंस."

एक सभासद फिस्सकन हसला. रोलंडने चिटणीस ग्लेनिसकडे पाहिलं. नोटीस तिनेच लावली होती. आता खरं बोलायचं म्हणजे सगळ्यांदेखत स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. तिने नियमांचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. विनीबाईंनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"रविवार धरत नाहीत," ग्लेनिस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दोनच दिवस भरतात. चूक माझी आहे. आज ठराव करता येणार नाही."

"अगं, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"नाही म्हणजे नाही, रोलंड. नोटीस परत लावावी लागेल."

विनीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मटकन खाली बसल्या. ग्लेनिसने चहाचा कप आणून त्यांच्या हातात दिला, तेव्हा दोघींनाही हसू फुटलं.

रोलंड खुर्च्या मिटून कपाटात ठेवू लागला.

"अरे रोलंड," चहा फुंकत विनीबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी कपाटातल्या सगळ्याच काढ हं. उद्यापासून मी घरोघर जाणारे."