हिरव्या जाळीतली भोके

बांधकामावरच्या हिरव्या जाळीला रोज बटणाएवढी नवी, अगदी गोल भोके पडत होती. खाली मात्र एकही तुकडा सापडत नव्हता.

“मॅडम, उंदीर काय कंपास घेऊन बसलेत?” मुकादम म्हणाला. “की तुम्ही शेजारच्या बागेत पेट्यांत पाळलेल्या मधमाश्या?”

“पेट्यांतल्या परदेशी मधमाश्या काही कापत नाहीत,” कीटकतज्ज्ञ बाई म्हणाल्या. कापणारी होती ती इथली मूळची, पानांच्या गोल चकत्या कापून घरटे बांधणारी पानकापी माशी. पण तीन वर्षांच्या गणनेत ती एकदाही दिसली नव्हती, आणि ती शहरातून संपल्याच्या अहवालावर बाई आज सही करणार होत्या. गणना फक्त बागांत करायची, हा नियमही त्यांचाच.

त्यांनी परांचीच्या पोकळ नळीला कान लावला. आत गुणगुण होती. शेजारच्या नळीतही होती, आणि वर चढून ऐकले तर वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक नळीत.

मुकादमाने मान वर करून पाहिले. “एकोणीस मजले परांची आहे, मॅडम. उद्या उतरवायचीय.”

बाईंनी चिमट्याने एक सुरनळी बाहेर ओढली. जाळीच्या हिरव्या चकत्यांत परागाचा गोळा होता आणि त्यावर एक अंडे.

अहवाल उलटा करून त्यांनी कोऱ्या बाजूवर लिहिले: ‘पानकापी माशी आहे. बागांतल्या शोभेच्या झाडांची जाड पाने तिला कापता येत नाहीत, म्हणून ती जाळी कापते. ही सगळी परांची तिचे घरटे आहे.’