कपाटामागचा खांब

कपाट भिंतीपासून सरकलं आणि मागचा गिलावा धपकन खाली आला. धुरळा बसला तेव्हा दोघी जावांना खांब दिसला. सिमेंट सुटलेलं, आतल्या सळ्या गंजून फुगलेल्या. भगदाडात जुन्या मालकाने कागदाचे बोळे कोंबले होते आणि वरून पुट्टी फासली होती.

"वरच्या न्हाणीघराचं पाणी मुरलंय," गवंडी म्हणाला. "आणि वरच्या खोलीचा सगळा भार यावरच."

धाकटी पालथ्या बादलीवर मटकन बसली. जुनं घर घ्यायचं, नीट करायचं आणि विकायचं, ही कल्पना तिचीच. यात नाक खुपसू नका, असं दोघींनी नवऱ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता रंग झाला होता, फरशी चकाकत होती. उद्या गिऱ्हाईक सौदा पक्का करायला येणार होतं. शिक्षक नवरा-बायको, दोन लहान मुली.

"लिंपून होईल का?" तिनं विचारलं.

"होईल की. चार-दोन वर्षं कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"मग लिंपा."

थोरली ओढणीनं चष्मा पुसत राहिली.

"ताई, अशा गप्प बसू नका. आपल्या तरी गळ्यात मारलंच ना हे?"

"मारलं. लिंपू दे त्यांना, मी कुठे नाही म्हणतेय?" थोरलीनं चष्मा चढवला. "तोवर तू वर जाऊन मुलींच्या पलंगासाठी माप घेऊन ये. त्या बाईंनी मागितलंय."

धाकटी टेप घेऊन तरातरा जिन्यापाशी गेली. मुलींची खोली बरोबर या खांबावर होती. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा उचलेना. कठड्याला धरून ती वर बघत राहिली. मागे गवंडी घमेल्यात सिमेंट कालवत होता.

मग ती परत फिरली.

"कालवू नका ते," ती म्हणाली. "आधी टेकू लावा. खांब नवा करायचा आणि न्हाणीघराचा गळका पाइपही बदलायचा."

"विकणं लांबेल हं," थोरली म्हणाली.

"लांबू दे. आणि ताई, हसू नका."

"मी कुठे हसतेय?" म्हणत थोरली हसलीच.

गवंड्यानं शेजारच्या बांधकामावरून दोन लोखंडी टेकू मागून आणले. एक थोरलीनं धरला. गवंडी मळसूत्र फिरवू लागला, तसा टेकू इंचाइंचानं वर सरकत छताला भिडला. धाकटी खिडकीशी फोनवर बोलत होती.

"नाही बाई, उद्या नको. आत्ताच या. ओळखीत कुणी इंजिनियर असेल तर त्यांनाही आणा... नाही, छान नाही दिसणार. पण उघडं आहे तोवर बघून घ्या."