तेल अजून तापतंय

"नमस्कार! आपली ऑर्डर सांगा," गाडीतूनच ऑर्डर द्यायच्या हॉटेलच्या खांबावरचा स्पीकर म्हणाला. आत माणूस नव्हतं, मशीन होतं. पण बोलणं कसं अगदी साखरेत घोळलेलं.

लेकीने मागच्या सीटवरून खिडकीबाहेर डोकं काढलं. घरून निघाल्यापासून ती तेवढं एक वाक्य घोकत होती. आज ऑर्डर मीच देणार, असं तिने बापाला बजावून ठेवलं होतं.

"म... मला एक ची... ची..."

"माफ करा, समजलं नाही. पुन्हा सांगा."

"ची..." शब्द घशातच रुतून बसला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

'मी सांगू का?' हे बापाच्या अगदी ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. लहानपणी त्याचंही असंच व्हायचं, याच खांबापाशी, त्याच्या वडिलांच्या गाडीत. तेव्हा स्पीकरच्या पलीकडे एक मावशी असायच्या. तो अडला की म्हणायच्या, "सावकाश रे राजा, तेल अजून तापतंय." आणि मागे तर तळणाचा चर्र चर्र आवाज चाललेला! इतकं गोड खोटं त्याच्याशी पुन्हा कुणी बोललं नाही. आत्ता त्याला त्या मावशींची फार आठवण आली.

"आपली ऑर्डर रद्द केली आहे. कृपया पुढे चला. आपला दिवस आनंदात जावो."

"आनंदात जातोय डोंबलाचा," बाप पुटपुटला आणि त्याने गाडी पुढच्या खिडकीशी नेली.

तिथे कानाला हेडफोन लावलेली एक तरुणी पिशव्या देत होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे.

"अगं, त्या मेल्याला धीरच नसतो. मला सांग, काय हवंय? अगदी निवांत सांग."

बापाला हायसं वाटलं. लेकीने मात्र मान हलवली.

"न... नको, ताई. मी त... त्यालाच सांगणार."

"अगं, ताई ऐकतेय ना तुझं," बाप म्हणाला. "ते पुन्हा मध्येच तोडेल."

"तोडू दे." तिने श्वास घेतला. "त्याला थां... थांबायला कुणी शि... शिकवलंच नसेल, बाबा."

बापाने इमारतीला वळसा घातला, गाडी पुन्हा रांगेच्या शेवटी नेऊन लावली आणि इंजिन बंद केलं.