मदरबोर्डचे सोवळे

पूजा आटोपून पद्मावतीबाई रेशमी सोवळ्यातच बाहेर आल्या. नात स्मृती जेवणाच्या मेजावर संगणक जुळवीत होती. मदरबोर्ड तिने शिकवण्यांच्या पैशांतून एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घासाघीस करून घेतलेला, जुना. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला पहिला हात आपला, हा बाईंचा शिरस्ता. त्यांनी हात पुढे केला. “अज्जी, शिवू नका.” स्वयंपाकघरात सुनेचा झारा कढईतच थांबला. या घरात आजवर हे वाक्य बाईच इतरांना ऐकवीत आल्या होत्या. स्मृती चाचरली, “रेशमात वीज साठते. ठिणगी लागली तर बोर्ड जाईल, दुसरा परवडणार नाही.”  बाई आत जाऊन सुती लुगडे नेसून आल्या आणि रॅमची पट्टी अंगठ्याने दाबून खटकन बसवली. कौतुकाने बाईंचा मुलगा जवळ सरकला. “गुरुप्रसाद, लांबूनच बघ,” बाई म्हणाल्या, “तुझा स्वेटर लोकरीचा आहे.”