गुरुवारची साडी

दर गुरुवारी दुपारी ऑनलाइन बायबल अभ्यासाला एस्तेरमावशी इस्त्रीची साडी नेसून, फोन टेबलावर उताणा ठेवून बसत. वर्षभरात साडीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून आज त्या रुसून, डोक्याला तेल थापून, जुन्या गाऊनवरच बसल्या.

वाचन चालू असताना वीज गेली. फोनवर अभ्यास घेणारे मिरजेचे पाळक एकदम थांबले. "मावशी, तुमचा पंखा थांबला. बऱ्या आहात ना?"

"माझा पंखा तुम्हाला कसा दिसला?"

"वर्षभर तोच दिसतोय," नगरहून अभ्यासाला बसणारी सुवार्ता म्हणाली. "तो फिरत असला की आम्हाला हायसं वाटतं."

मावशींना हसू आवरेना. डोळे पुसतच त्यांनी फोन तोंडासमोर धरला.

"घ्या, बघा. बावन्न साड्या पंख्याने बघितल्या, तुमच्या नशिबी गाऊन."