जोडीतलं एकटं वाद्य

साहेब, तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत.

आमच्या बालीत गामेलान वाद्यवृंदातली वाद्यं जोडीनं घडवतात. एकाच्या काशाच्या पट्ट्या किंचित चढ्या असतात. दोन्ही एकदम वाजली तरच सूर लाटेसारखा थरथरतो. एकट्याचा सपाट राहतो.

चढं वाद्य आणि ते वाजवणारा माझा भाऊ सुदार्ता, दोघांना तुम्ही परदेशी महोत्सवाला नेलंत. मग निरोप धाडलात, की बोट बुडाली, वाद्यासकट गेला, प्रेत मिळणार नाही, पुतळा करून दहन उरका.

आज सकाळी दहनात वाजवायच्या तालमीला मी जोडीतलं माझं उतरतं वाद्य घेऊन एकटाच बसलो. पहिला ठोका दिला आणि सूर थरथरला.

"भावोजी, दुसरं कोण वाजवतंय?" फुलं ओवता ओवता वहिनीनं विचारलं.

"कुणी नाही. पट्टी सैल झाली असेल."

"मला शिकवू नका. सैल पट्टी खडखडते. हे तर त्यांचंच, तुमच्या जरा पुढे पळणारं."

मी पट्ट्या हातानं दाबल्या. माझा सूर थांबला, थरथरही थांबली. दुसरा सूर, किंचित चढा, तसाच वाजत राहिला.

अजून वाजतोय. वहिनी पुतळ्यापाशी बसून आहे, कुणाला हात लावू देत नाही. उद्या अग्नी द्यायचा की नाही? उत्तर द्या, साहेब.